'नाही' लिहिण्यापूर्वी

वाचकहो, यवतमाळपासून समुद्र फार दूर आहे. वर्ध्याला किंवा धामणगावला रेल्वेत बसावे, कल्याणच्या पुढे कोकणची वाट धरावी आणि कुडाळला उतरून मालवण गाठावे, तर जवळजवळ एक दिवस व एक रात्र प्रवासातच जाते. तरीही गेल्या काही वर्षांत आपल्याकडील पुष्कळ कुटुंबे ही वाट चालू लागली आहेत. मुले पुण्या-मुंबईत नोकरीला असतात. आईवडिलांच्या लग्नाला ४० वर्षे झाली, वडील निवृत्त झाले, की त्यांना काहीतरी 'वेगळे' द्यावे असे मुलांना वाटते. पूर्वी अशा वेळी काशी-रामेश्वराचा बेत ठरत असे. आता मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्हाला समुद्राच्या तळाशी घेऊन जातो."

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर हा तळ पाहण्याची सोय आहे. तिला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. पाठीवर दाबाखाली भरलेल्या हवेचा सिलिंडर, तोंडात श्वासाची नळी, डोळे आणि नाक झाकणारा मास्क, आणि मागून आपला सिलिंडर धरून सोबत उतरणारा प्रशिक्षक. शिकाऊ पर्यटकाला सहसा काही मीटरच खाली नेतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आहेत, रंगीत मासे आहेत. १९८७ साली हा परिसर सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. 'पोहता येत नसले तरी चालते', असे तेथे सांगतात, आणि ते खोटे नाही. मात्र ते ऐकून आपण मनातल्या मनात आणखी एक वाक्य जोडून टाकतो: प्रकृती कशीही असली तरी चालते. ते मात्र तेथे कोणी सांगितलेले नसते.

मीही ते जोडले होते. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे वय तेव्हा ६३. रक्तदाबाची गोळी अकरा वर्षांपासून चालू, कोलेस्टेरॉलची चार वर्षांपासून. किनाऱ्यावरच्या एका केंद्रात आमच्या हाती एक छापील कागद देण्यात आला. त्यावर प्रश्न होते: हृदयविकार आहे का, दमा आहे का, रक्तदाब आहे का, नियमित औषधे घेता का. पेन मुलाच्या हातात होते. "बाबा, सगळीकडे 'नाही' लिहितो. नाहीतर उतरूच देणार नाहीत," तो म्हणाला. मी मान हलवली आणि खाली सही केली. माझ्या गोळ्यांची पुडी त्या वेळी चार हातांवर उभ्या असलेल्या पत्नीच्या पर्समध्ये होती.

मी उतरलो, मासे पाहिले, वर आलो. काहीही झाले नाही. पाण्याखालचे माझे छायाचित्र पुढे दोन महिने सगळ्या नातेवाइकांना दाखवून झाले. मग ते मोठ्या हौसेने आमच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी ते बराच वेळ न्याहाळले आणि एकच प्रश्न विचारला, "फॉर्मवर काय लिहिलंत?"

त्यानंतरच्या अर्ध्या तासात त्यांनी मला जे समजावले आणि पुढे मी जे वाचले, ते आपल्यासमोर ठेवावे म्हणून हा लेख.

पाणी शरीराला काय करते

माणूस गळ्यापर्यंत पाण्यात शिरला, की बाहेरचे पाणी त्याचे पाय आणि पोट चहूबाजूंनी दाबते. त्यामुळे पायांतील रक्त वर, छातीकडे सरकते. हे रक्त अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक असू शकते. हृदयाला अचानक एवढ्या वाढीव रक्ताचा भार सोसावा लागतो. तरुण, निरोगी हृदय तो सहज सोसते. पाण्यात शिरल्यावर लघवीची भावना होते, त्याचेही एक कारण हेच. शरीर जास्तीचे पाणी बाहेर टाकू पाहते. पण ज्याचे हृदय वर्षानुवर्षे वाढलेल्या रक्तदाबाशी झगडत आले आहे, त्याच्या बाबतीत हा भार फुप्फुसांवर येऊ शकतो. फुप्फुसात पाणी उतरते, दम लागतो, खोकला येतो, कधी गुलाबीसर फेस पडतो. विशेष म्हणजे समुद्राचा एक थेंबही आत गेलेला नसताना हे घडते. पन्नाशीपुढच्या आणि रक्तदाब असलेल्या व्यक्तींना याचा धोका अधिक असतो. असे झाल्यास माणसाला ताबडतोब पाण्याबाहेर काढावे, आडवे न निजवता बसते ठेवावे, प्राणवायू द्यावा आणि रुग्णालयात न्यावे.

याच्या जोडीला थंड पाणी, वजनदार साहित्य, लाटांत बोटीच्या शिडीवर चढण्याचे श्रम आणि मनातली धास्ती असते. जगभर स्कूबा करताना दगावलेल्यांमध्ये हृदयाच्या तक्रारीने गेलेल्यांचा वाटा मोठा आहे, आणि त्यांत उतारवयाची माणसे पुष्कळ आहेत. काही रक्तदाबाच्या गोळ्या नाडीचा वेग वाढू देत नाहीत. घरात बसलेल्या माणसाला ते हितकारक असते. प्रवाहाशी झगडण्याची वेळ आली, तर तेच हृदय कमी पडू शकते. म्हणून कोणती गोळी चालू आहे, हे सांगण्याला महत्त्व आहे.

आता फुप्फुसांविषयी. येथे मला आपल्या पिढीचा एक अभिमान थोडा दुखवावा लागणार आहे. आपल्यापैकी अनेक जण विहिरीत पोहायला शिकले. पाठीला रिकामा डबा किंवा भोपळा बांधून कोणीतरी ढकलून दिले, आणि पुढच्याच उन्हाळ्यात आपण काठावरून सूर मारून तळाची माती वर आणू लागलो. त्या कसबाचे सारे रहस्य श्वास रोखून धरण्यात होते. स्कूबात नेमके तेच करायचे नसते.

कारण असे आहे. समुद्रात दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे ५ मीटरवर दाब जमिनीच्या दीडपट, १० मीटरवर दुप्पट. विहिरीत आपण काठावरची हवा छातीत भरून जात होतो; ती खाली आकसत असे आणि वर येताना मूळ आकाराला परत येत असे. स्कूबाचा सिलिंडर मात्र तळाशीच, तेथल्या दाबाची हवा छातीत भरतो. ५ मीटरवर छातीभर घेतलेला श्वास रोखून कोणी वर आला, तर ती हवा पृष्ठभागावर दीडपट जागा मागते, आणि फुप्फुसाला तेवढी जागा नसते. फुप्फुस फाटू शकते, हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. त्यासाठी फार खोल जाण्याचीही गरज नाही. सव्वा-दीड मीटरवरूनही असे घडू शकते. घाबरलेला माणूस काय करतो? श्वास रोखतो आणि वर धाव घेतो. म्हणून पट्टीचा विहीर-पोहणारा आणि पोहायचे नावच न काढणारा, दोघांनाही पहिला धडा सारखाच: श्वास अखंड चालू ठेवायचा आणि सावकाश वर यायचे.

दमा असलेल्यांना हाच धोका वेगळ्या वाटेने येतो. श्वासनलिका आकसल्या की हवा फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात अडकून पडते, आणि वर येताना तीच फुगते. सिलिंडरची हवा कोरडी व थंड असते. तिनेच झटका येण्याची शक्यता असते.

कानाचे दुखणे त्या मानाने किरकोळ, पण नेहमीचे. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारल्यासारखे करायचे, म्हणजे घसा आणि कान यांना जोडणारी नळी उघडते. सर्दी असेल तर ती उघडत नाही, आणि पडद्याला इजा होते. सर्दीची गोळी घेऊन उतरू नये. खाली असतानाच तिचा अंमल संपला तर पंचाईत. कवळी सैल असेल तर श्वासाची नळी दातांत नीट धरता येत नाही. हेही आधी सांगावे. श्रवणयंत्र काढून ठेवावे लागते, पण त्याचे फारसे बिघडत नाही, कारण पाण्याखाली सगळ्यांचाच कारभार हाताच्या खुणांवर चालतो. एक खूण मात्र घरूनच पाठ करून जावी. आपण अंगठा वर करून 'छान' म्हणतो. तेथे त्याचा अर्थ 'मला वर न्या' असा होतो. 'ठीक आहे' म्हणायचे तर अंगठा आणि तर्जनी यांचे कडे करून दाखवायचे. मी पहिल्याच मिनिटाला उत्साहाने अंगठा दाखवला आणि मला तत्काळ वर आणण्यात आले.

तो कागद नेमका काय विचारतो

पाण्याखालील वैद्यकाच्या तज्ज्ञांनी २०२० साली सुधारलेली एक प्रश्नावली आज जगभर वापरली जाते. तिच्यात मुख्य प्रश्न दहाच आहेत. फुप्फुस, हृदय व रक्त यांचे विकार, वय ४५ च्या पुढे असणे, माफक श्रम न झेपणे, डोळे, कान, नाक यांच्या तक्रारी, गेल्या १२ महिन्यांतील शस्त्रक्रिया, बेशुद्धी, झटके, पक्षाघात, मानसिक आजार, पाठीचे दुखणे, हर्निया, मधुमेह, पोटाचे विकार, आणि चालू औषधे. आपले वय ४५ च्या पुढे असेल आणि धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब किंवा घराण्यात लहान वयात हृदयविकार यांपैकी एकही गोष्ट असेल, तर डॉक्टरांनी तपासून सही केल्यावाचून पाण्यात उतरू नये, असा त्याचा आशय आहे. म्हणजे या पाक्षिकाच्या बहुतेक वाचकांना डॉक्टरांची सही लागेल. याचा अर्थ 'हो' लिहिले की दार बंद, असा नव्हे. 'हो' म्हणजे डॉक्टरांकडे जाऊन या, एवढेच. अनेकांना तपासणीनंतर परवानगी मिळतेही.

त्याच प्रश्नावलीत माफक श्रमाचे एक माप दिले आहे: १.६ किलोमीटर अंतर १४ मिनिटांत चालता येते का? हे माप घरच्या घरी घेता येण्याजोगे आहे. आपण नेहमी फिरतो त्या गतीने ते जमत नाही, हे पहिल्याच दिवशी लक्षात येईल. (छातीत दुखणे, धाप, चक्कर अशी तक्रार ज्यांना आहे, त्यांनी मात्र हे माप एकट्याने घेऊ नये, आधी डॉक्टर.)

प्रवासाचा हिशेबही यातच धरावा. रात्रभर गाडीत जागरण, पाणी कमी प्यालेले, सकाळी रिकाम्या पोटी गोळ्या, आणि दहा वाजता समुद्र, असा बेत आखू नये. मध्ये एक दिवस विश्रांतीचा असावा. परतीचेही तसेच. दाबाखाली श्वास घेताना रक्तात नायट्रोजन विरघळतो, आणि दाब झपाट्याने कमी झाला तर गोळी सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे सुटतात. उथळ पाण्यातल्या एका फेरीत हा धोका थोडा असला, तरी विमानप्रवास निदान १२ तासांनी आणि एकाहून अधिक फेऱ्या झाल्या असल्यास १८ तासांनी करावा, असा संकेत आहे. सकाळी समुद्र आणि संध्याकाळी गोव्याहून नागपूरचे विमान, हे जमवू नये.

कोणाचा विश्वास कोणावर

अशा ठिकाणी आपला पहिला प्रश्न असतो, 'ही माणसे भरवशाची आहेत ना?' प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे. प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र पाहावे. बोटीवर प्राणवायूचा संच आहे का, जवळचे रुग्णालय कोणते, एका प्रशिक्षकामागे किती पर्यटक, हे विचारावे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तेथे शिकण्यासाठी खोल तरणतलावही आहे. समुद्रापूर्वी तलावात सराव मिळत असेल, तर ज्येष्ठांनी तोच मार्ग पत्करावा. आणि स्वस्त मिळते म्हणून कोणाही दलालामागे जाऊ नये.

बोटीकडेही तितक्याच बारकाईने पाहावे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ एक बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. ती मंडळी स्कूबा करून किनाऱ्याकडे परतत होती. ज्याची भीती वाटत होती ते पार पडले होते. पावसाळ्याच्या तोंडावर समुद्र खवळू लागतो, आणि मेच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत तेथील जलक्रीडा बंदच ठेवल्या जातात. आपल्याला हे दूरचे वाटू नये. आपल्याच वर्धा नदीत १४ सप्टेंबर २०२१ रोजी, वरुड तालुक्यातील झुंज येथे, नाव उलटून ११ जण बुडाले. ते कोणतेही साहस करायला निघाले नव्हते. घरातल्या माणसाच्या उत्तरक्रियेसाठी जमलेले आप्त होते ते. जीवरक्षक जाकीट बोटीत पाय ठेवण्यापूर्वी अंगात घालावे आणि किनाऱ्यावर पाय टेकेपर्यंत काढू नये. उकडते, ही सबब आपण स्वतःलाही सांगू नये.

हे सगळे विचारून झाले, तरी एक गोष्ट उरते, आणि ती माझ्या ध्यानात फार उशिरा आली. माझ्यामागे सिलिंडर धरून उतरलेला तो पंचविशीचा मुलगा माझ्यावर विश्वास ठेवून उतरला होता. माझ्याविषयी त्याला ठाऊक होते ते एवढेच, जे त्या कागदावर लिहिले होते. त्याने यंत्रे तपासली, हवा तपासली, वारा पाहिला. माझी छाती त्याला उघडून पाहता येणार नव्हती. ५ मीटरवर मी शुद्ध हरपली असती, तर एका अवजड, अचेत माणसाला एकट्याने वर आणण्याचा प्रसंग त्याच्यावर आला असता. नंतर पोलीस ठाण्यात जबाब त्याला द्यावा लागला असता, आणि गावात नाव त्याचे झाले असते. कागदावर माझी सही होती खरी. पण धोका मी त्यालाही वाटून दिला होता, त्याला न विचारता.

काळजी घेणाऱ्या मुला-सुनांना, लेकी-जावयांना येथे दोन शब्द. आईवडिलांना आश्चर्याचा धक्का देण्याचा मोह टाळावा. असा बेत दोन महिने आधी उघड करावा, म्हणजे डॉक्टरांना सवड मिळते. आणि तो कागद त्यांचा त्यांना भरू द्यावा. चष्मा शोधायला वेळ लागला तरी. घरातली वडीलधारी माणसे मुलांचा उत्साह मोडू नये म्हणून दुखणी लपवतात, हे आपण जाणताच. जिना चढताना लागलेला दम 'काही नाही' म्हणून झटकून टाकणारी आई समुद्रावर खरे बोलेल, हे गृहीत धरू नये. तिला 'नको' म्हणायची मोकळीक हवी, अगदी बोटीत बसल्यावरही. पैसे भरले आहेत, हे वाक्य त्या वेळी कोणी उच्चारू नये.

गेल्या डिसेंबरात आम्ही पुन्हा मालवणला गेलो. या वेळी मी दोन महिने आधी डॉक्टरांकडे प्रश्नावली घेऊन गेलो होतो. त्यांनी रक्तदाबाची आठवडाभराची नोंद मागवली, इकोकार्डिओग्राम आणि ट्रेडमिलवरची चाचणी करवली, आणि सही केली नाही. "यंदा नको. सहा महिने औषध बदलून पाहू," म्हणाले. मला वाईट वाटले. इतके, की दोन दिवस मी त्यांच्याविषयी घरात बरे बोललो नाही.

किनाऱ्यावर या वेळी नातीचा कागद भरला जात होता. ती अकरा वर्षांची आहे. गेल्या हिवाळ्यात तिला छातीत घरघर होऊन दोन महिने पंप घ्यावा लागला होता, आणि खेळाचा तास बंद होता. सून त्या प्रश्नापाशी थबकली. नात पटकन म्हणाली, "आई, 'नाही' लिही ना. आजोबांनीपण मागच्या वेळी 'नाही'च लिहिलं होतं."

कोणीच काही बोलले नाही. मग मी प्रशिक्षकाला दोन्ही गोष्टी सांगितल्या. तिची आणि तीन वर्षांपूर्वीची माझीही. तो केंद्रातला जुना माणूस होता. तो रागावला नाही. "काका, आज हिला नको. डॉक्टरांचं पत्र आणा, पुढच्या खेपेला मी स्वतः नेतो," म्हणाला, आणि पैसे परत केले. नात रडली. तिचे बाबा आणि काका पाण्यात उतरले तेव्हा आम्ही दोघे जाकिटे घालून बोटीत बसलो होतो. बुडबुडे कोठे येत आहेत ते ती मला बोटाने दाखवत होती, आणि डोकी वर आली की मोजत होती.

परतीच्या गाडीत तिने विचारले, १.६ किलोमीटर म्हणजे आझाद मैदानाचे किती फेरे? तेव्हापासून रविवारी सकाळी आम्ही जातो. तिच्या डॉक्टरांनी चालण्याला परवानगी दिली आहे, मला माझ्यांनी. घड्याळ तिच्या हातात असते. पहिल्या रविवारी मला १९ मिनिटे लागली. परवा १६ लागली, आणि ती पुढे जाऊन कोपऱ्यावर माझी वाट पाहत उभी होती.